वडोदऱ्याहून वहालीच्या किनाऱ्याला

शुक्रवार, वडोदरा

वडोदऱ्याला समुद्र नाही, पण कमाटी बागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा बघितला नाही असं मराठी घरातलं पोर इथे सापडायचं नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाने यंदा मुलांचं उन्हाळी शिबिर समुद्रावर घ्यायचं ठरवलं, तेव्हा सुरुवात त्या सांगाड्यापासूनच करू असं सगळ्यांचं मत पडलं. माझा भाचा एम. एस. युनिव्हर्सिटीत प्राणिशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "मामी, सांगाडा दाखवाच. पण तो सस्तन प्राणी झाला. जगातला सगळ्यात मोठा मासा आपल्या सौराष्ट्राच्या किनाऱ्याला येतो, त्याचं मुलांना कोण सांगणार?"

तो मासा म्हणजे व्हेल शार्क. नावात व्हेल असलं तरी हा शार्कच, कल्ल्यांनी श्वास घेणारा. पूर्ण वाढलेला सहज दहा-बारा मीटर भरतो. एवढं धूड, पण खातो काय तर प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), माशांची अंडी आणि बारीकसारीक जीव. तोंड उघडं ठेवून पाणी गाळत संथपणे पुढे जातो. माणसाच्या वाटेला जात नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत तो वेरावळ, सूत्रापाडा, मांगरोळच्या बाजूला दिसतो.

या माशाची इथे एके काळी मोठी शिकार व्हायची. आधी यकृताच्या तेलासाठी. लाकडी होड्यांना किडा लागू नये, पाणी मुरू नये म्हणून ते तेल चोपडत. १९९० नंतर मांसाला परदेशात, मुख्यतः तैवानकडे, भाव मिळू लागला आणि शिकार वाढली. मोठा आकडा माशाच्या अंगात रुतवायचा, त्याच्या दोराला रिकामी पिंपं बांधलेली असायची. पिंपं तरंगत राहायची, त्यामुळे माशाला खोल जाता यायचं नाही. तो थकला की ओढत किनाऱ्याला. म्हणून इथले लोक त्याला 'बॅरल'च म्हणत. माइक पांडे यांच्या माहितीपटाने २००० साली ही शिकार जगासमोर आणली. २८ मे २००१ रोजी व्हेल शार्कचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. आपल्या देशात हे संरक्षण मिळालेला हा पहिला मासा. वाघाला जो कायदा, तोच याला.

इथवरची हकिगत भाच्याने आमच्या घरी चहा घेता घेता सांगितली. मला पुढचं हवं होतं. ज्यांच्या चुलीला त्या शिकारीचा हातभार होता त्यांचं कायद्यानंतर काय झालं? वन्सं भूगोल शिकवत, आता निवृत्त आहेत. त्या म्हणाल्या, मग जाऊनच बघू. भाच्याच्या प्रबंधामुळे वेरावळला ओळखी होत्याच. रात्रीच्या गाडीने निघालो.

शनिवार, वेरावळ

सकाळी उतरलो तर हवेत मिठाचा आणि सुक्या मासळीचा वास. वेरावळ देशातल्या मोठ्या मच्छीमार बंदरांपैकी एक आहे. होड्यांना होड्या इतक्या चिकटून उभ्या असतात की या टोकाचा खलाशी पाण्याला पाय न लावता त्या टोकाला जातो. वाकट्या, बोंबील, माकूळ, घोळ. घोळ तर २०२३ साली गुजरातचा राज्यमासा झाला. वाकट्या चीनला जातात, काही मासळीची सुरिमी होते, म्हणजे मांसाचा लगदा करून गोठवतात. इथलं बंदर बरचसं खारवा समाजाच्या जिवावर चालतं. कोळी आहेत, मुसलमान मच्छीमारही आहेत.

होड्या बांधायच्या जागेवर बराच वेळ गेला. एका मोठ्या लाकडी होडीचा सांगाडा उभा होता आणि एक म्हातारे मिस्त्री दोन फळ्यांच्या फटीत कापसाची वळलेली दोरी ठोकून बसवत होते. छिन्नीवर हातोडीचा हलका ठोका, दोरी आत. पुन्हा ठोका, पुन्हा दोरी. वीतभर फट बुजायला बराच वेळ लागत होता आणि त्यांची नजर एकदाही हलली नाही. पूर्वी यावर बॅरलचं तेल लावत ना, असं भाच्याने विचारलं. त्यांनी मान हलवली. आता फायबरचा थर देतात, बाजारचा रंग लावतात. तेलाचा वास कपड्यांतून जायचा नाही, एवढंच ते बोलले आणि पुन्हा कामाला लागले. एका गरजेला दुसरी वस्तू मिळाली, तेलाची मागणी संपली. मांसाची मागणी मात्र अशी आपोआप संपली नसती. तिला कायदाच लागला.

दुपारी धक्क्यावर एका खलाशाने आमचं मराठी ऐकलं आणि थांबला. "तुम्ही कुठल्या?" तो डहाणूकडचा निघाला. पालघर जिल्ह्यातले, वलसाड-उमरगाम पट्ट्यातले कितीतरी गडी हंगामात सौराष्ट्राच्या होड्यांवर येतात. सागरी हद्दीत पाकिस्तानने होड्या पकडल्या की त्यात अशा खलाशांची नावं वर्तमानपत्रांत येतात, ती आपण वाचतो आणि पान उलटतो. हा विशी-बाविशीचा पोरगा. वन्संनी त्याला जवळचे लाडू दिले, तेव्हा तो बसून बोलायला लागला.

त्याच्या होडीच्या जाळ्यात मागच्या हंगामात व्हेल शार्क आला होता. जाळं कापून सोडला. कापलं कोणी? "आम्हीच, मावशी. टंडेल सांगतो, खलाशी वाकतो." टंडेल म्हणजे होडीचा कप्तान. मासा जोरात वळला तर जाळ्यासकट माणूस ओढला जातो. जाळं कापून मासा सोडला तर वनविभाग भरपाई देतो, म्हणून जाळ्याचे पैसे आले का, असं मी विचारलं. आले असतील, ते शेठला, जाळं शेठचं. याचा पगार ठरलेला. कापायला जी रात्र गेली त्या रात्री मासळी कमी आली, आणि मासळी कमी की वरची बक्षिशी कमी. तो तक्रार करत नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं. पण मला वाटतं या सगळ्या योजनेतली उणी बाजू मला पहिल्या दिवशीच, एका पोराच्या तोंडून कळली: नुकसान जाळ्याचं मोजलं जातं, वाकणाऱ्याचं नाही.

संध्याकाळी वन्सं सोमनाथाला जाऊन आल्या.

रविवार, सूत्रापाडा आणि कोडीनार

सूत्रापाड्याला भाच्याच्या ओळखीचे एक टंडेलकाका आहेत. घरासमोरच्या ओट्यावर त्यांचं गिलनेट, म्हणजे पाण्यात उभं सोडायचं जाळं, पसरलेलं होतं. त्यांनी आम्हाला जाळ्याच्या कडेला बसवलं आणि हाताने एक जागा दाखवली. जुनं जाळं उन्हाने विटून पांढुरकं झालेलं, त्यात मधेच दाराएवढा एक तुकडा नव्या, गडद हिरव्या दोऱ्याचा. "इथून गेली ती."

मग मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. चित्र हलतं होतं, वाऱ्याचा आवाज भरपूर. पाण्यात काळसर-करडी पाठ, त्यावर पांढरे ठिपके, ठिपक्यांमधून फिकट पट्टे. पाठ इतकी रुंद की आधी ती होडीची सावलीच वाटते. दोन गडी वाकून कापतात, एक जण वरचा तरंगांचा दोर धरून आहे. शेवटचा दोर तुटला तरी मासा तिथेच राहतो. मग शेपटीचा एक सावकाश फटका, आणि ठिपके खाली खाली जात दिसेनासे होतात. मागून कुणीतरी गुजरातीत "जा, बेटा, जा" म्हणतं. काकांनी तो तुकडा आम्हाला पुन्हा लावून दाखवला.

या 'बेटा'मागे एक मोहीम आहे. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनविभाग, टाटा केमिकल्स वगैरेंनी ती सुरू केली. कायदा झाला होता, पण कायद्याचा कागद समुद्रावर वाचायला कोण जातो? रामकथाकार मोरारी बापूंनी कथेतून सांगितलं की ही वहाली, म्हणजे लाडकी, आहे, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, लेकीला कोणी मारतं का? गावोगावी पथनाट्यं झाली, पोरबंदरसारख्या शहरांनी या माशाला आपलं मानलं. सौराष्ट्रात बापूंचा शब्द म्हणजे काय, हे वडोदऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. किनाऱ्यावर लहान पिल्लंही सापडली आहेत, त्यामुळे लेकीच्या गोष्टीला जीवशास्त्राचाही आधार आहे. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्लं निघाली होती.

पण काकांशी बोलताना लक्षात आलं, कथेने मन वळलं तरी हात वळायला पैसा लागला. जाळं हीच मच्छीमाराची इस्टेट. मासा जाळ्यात गुरफटला की पूर्वी जाळं वाचवायला त्याला तसाच ओढत आणत, आणि तेवढ्यात तो मरायचा. म्हणून वनविभागाने जाळं कापून मासा सोडणाऱ्याला भरपाई द्यायला सुरुवात केली, २५,००० रुपयांपर्यंत. सुरुवातीला वनखात्याचा माणूस होडीने येऊन पाहीपर्यंत मासा अडकलेलाच ठेवावा लागे. तासन्‌तास. पुढे मच्छीमारांनाच पाण्यात चालणारे कॅमेरे दिले: तुम्हीच फोटो काढा, तुम्हीच सोडा, फोटो हाच पुरावा. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. या एका बदलाचं मला फार मोल वाटतं, कारण त्यात सरकारने मच्छीमाराच्या शब्दावर विश्वास ठेवला. अशा रीतीने शेकडो व्हेल शार्क परत समुद्रात गेले आहेत.

२५,००० मध्ये पूर्ण नुकसान भरून निघतं का? काका म्हणाले, नाही. जाळ्याचे भाव वाढले, पैसे यायला वेळ लागतो, आणि तोवर होडी रिकामी ठेवता येत नाही. तरी सोडता? त्यांनी उत्तर दिलं नाही, काकींकडे बघितलं. काकी म्हणाल्या, "हवे टेव पडी गई." सवय झाली आता.

मुलांना सांगायला तिथे अजून एक गोष्ट मिळाली. व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके प्रत्येक माशाचे वेगळे असतात. कल्ल्यांमागच्या भागाचा फोटो घेतला की तोच मासा पुन्हा कुठे दिसला ते ओळखता येतं. ही ओळख पटवायला खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातल्या ताऱ्यांच्या रचना जुळवण्यासाठी बनवलेली गणिती पद्धत वापरतात. काकांच्या नातवाने लगेच मोबाइल हातात घेऊन ठिपके मोजायला सुरुवात केली.

दुपारी कोडीनार. गाडीत वन्संचा वर्ग सुरू झाला. कोडीनार म्हणजे गायकवाडी मुलूख, बडोदे संस्थानच्या अमरेली प्रांतातला तालुका. जमिनीच्या बाजूने दुसऱ्यांची राज्यं आणि मधे आमच्या महाराजांचा हा समुद्रकाठ. तिकडे द्वारकेजवळचं ओखामंडळही संस्थानचंच. सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या अभ्यासकाकडून ओखामंडळच्या समुद्री जिवांची पाहणी करून घेतली होती, त्याचे अहवाल १९०९ आणि १९१६ साली निघाले. मोत्यांचे शिंपले, शंख, यांतून किनाऱ्यावरच्या माणसाला आणि संस्थानला काय मिळू शकेल, हा त्यामागचा विचार. समुद्रात काय आहे ते आधी नीट बघा, मग धंदा ठरवा, हा क्रम मला अजूनही बरोबर वाटतो.

कोडीनारजवळच्या मूळ द्वारका गावाच्या बाजूला एका सखी मंडळाच्या, म्हणजे बचत गटाच्या, बायका भेटल्या. मच्छीमारांना 'पर्यायी रोजगार' द्या म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर होडीवरचा पुरुष असतो. पण मासळी धक्क्याला लागली की निवडणं, कापणं, सुकवणं, विकणं हे सगळं बायकांच्या हातात. होडी बंद पडली तर यांचं काम आधी बंद पडतं, आणि पर्यायी काम आलं तर ते करणाऱ्याही याच.

त्यांनी समुद्री शेवाळाची शेती करून बघितली होती. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने या शेतीवर बरीच वर्षं काम केलं आहे. बांबूचा चौकोनी तराफा करायचा, त्याला दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना कप्पाफायकस नावाच्या शेवाळाचे तुकडे बांधायचे आणि तराफा समुद्रात नांगरून ठेवायचा. साधारण दीड महिन्यात पीक तयार. त्यातून कॅराजीनन निघतं, जे आइस्क्रीममध्ये, टूथपेस्टमध्ये दाटपणासाठी घालतात. खत नको, गोडं पाणी नको, जमीन नको. ऐकायला सगळं छान.

पण त्या मंडळातल्या एका बेनने बोटं पुढे केली. दोऱ्या बांधून बांधून पेरांवर काळे घट्टे पडले होते. लाट चढली की तराफा उलटतो. काही मासे शेवाळ खाऊन टाकतात. पावसाळ्यात समुद्र असा खवळतो की सगळं बाहेर काढावं लागतं, आणि पुढच्या हंगामाला बियाणं राखून कुठे ठेवायचं हा प्रश्न. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात हीच शेती बायकांच्या गटांनी मोठी केली. तिथेही २०१३ नंतर उष्णतेने आणि रोगाने पीक मोठ्या प्रमाणावर मेलं. शेवाळ नको असं त्या म्हणत नव्हत्या. फक्त त्याच एकावर घर सोडायला तयार नव्हत्या, आणि ते शहाणपणाचंच आहे.

त्यांना खरं काय हवं होतं? सुकवायची जागा. बोंबील वाळूवर किंवा दोरीवर सुकतो, त्याला रेती लागते, कुत्री येतात, अवकाळी शिंतोडा आला की माल गेला. सौरऊर्जेवरचा ड्रायर मिळाला, पाकीट नीट झालं तर त्याच बोंबलाला बरा भाव येईल. कमी मासळीत तेवढाच पैसा, म्हणजे समुद्रातून कमी काढूनही भागेल. शार्क वाचवायच्या चर्चेत बोंबील सुकवायचा ड्रायर कुणी आणत नाही. मला वाटतं तो तिथेच आणायला हवा.

सोमवार, पुन्हा वेरावळ

पहाटे लिलाव बघायला गेलो. बर्फाचा चुरा, टोपल्या, ओरडा, आणि भराभर हात फिरवून निवडणाऱ्या बायका. एका ढिगात हातभर लांबीच्या मुशी, म्हणजे छोटे शार्क, शेजारी शार्कचेच भाऊबंद असलेले चपटे पाकट, आणि गिटारच्या आकाराचे चपटे मासे, गिटारफिश. काही अगदी पिल्लं.

इथे भाचा गंभीर झाला. वहालीला बापू मिळाले, मोहीम मिळाली, भरपाई मिळाली. यांना कोण आहे? हे काही कोणी शोधून पकडत नाही. कोळंबी आणि माकूळ धरायला ट्रॉलचं जाळं समुद्राच्या तळावरून ओढतात, त्यात हे येतात. २००१ सालीच सरकारने आधी सगळ्या शार्क-पाकटांवर बंदी घातली होती. मच्छीमारांनी विरोध केला, तेव्हा डिसेंबरमध्ये यादी मोजक्या जातींपुरती ठेवली. करवतमासे आणि एक मोठा गिटारफिश तिच्यात राहिले. २०१५ साली शार्कच्या परांची निर्यात बंद झाली आणि २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यातली यादी आणखी वाढली. पण अंधारात, दमलेल्या खलाशाने ढिगातून कोणता पाकट यादीतला आणि कोणता नाही हे ओळखायचं कसं? शार्क सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात. व्हेल शार्कच्या पोटात शेकड्यांनी पिल्लं असली तरी बाकीच्यांचं तसं नाही. थ्रेशर शार्कला तर बहुधा एका वेळी दोनच पिल्लं होतात. त्यामुळे एकदा संपले की भरून यायला आपलं आयुष्य पुरायचं नाही.

उपाय माहीत नाहीत असं नाही. गुजरातच्या नियमात ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे जाळ्याची भोकं, असावेत असं आहे. ओढ बसली तरी चौकोनी आस उघडे राहतात आणि बारकी मासळी निसटते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कासवांसाठी जाळ्यात बसवायची जाळीदार चौकट केली आहे, तिच्यातून मोठे पाकटही बाहेर पडू शकतात. या संस्थेचं केंद्र वेरावळातच आहे. मग होडीवर का दिसत नाहीत? एका होडीमालकाने सरळ सांगितलं: चौकटीतून कोळंबीही थोडी जाते, डिझेलचा खर्च तेवढाच राहतो, आणि शेजारच्या होडीने लावली नाही तर मीच का लावू. त्याचं म्हणणं मला पटलं नाही, पण खोटंही वाटलं नाही. वहालीसाठी जाळ्याच्या भोकाचे पैसे देता येतात, तर सुटून गेलेल्या कोळंबीचे का देता येऊ नयेत? निदान पहिले काही हंगाम? आणि त्यातला एक वाटा खलाशाच्या खात्यात थेट का जाऊ नये?

रात्रीच्या गाडीने परत.

मंगळवार, वडोदरा

संध्याकाळी मंडळात सगळे जमले. मी टंडेलकाकांचा व्हिडिओ लावला. मुलांनी तो पुन्हा पुन्हा बघितला. मोठ्या माणसांत वाद झाला. एक काका म्हणाले, मासे खाणंच सोडा. त्यावर एक वहिनी म्हणाल्या, आमच्याकडे खातात आणि खाणार, आम्ही सोडल्याने त्या निवडणाऱ्या बाईचं काय भलं होणार? मी वहिनींच्या बाजूची. काय खायचं नाही, हे मात्र ठरवता येतं. आपल्या मच्छीबाजारात मुशीची आणि गिटारफिशची पिल्लं येतात, ती मागायची नाहीत, आणि का मागत नाही ते विक्रेत्या बाईला सांगायचं. तिला सांगितलं की ते वेरावळच्या व्यापाऱ्यापर्यंत पोचतंच.

शिबिराचा आराखडा बदलला. सांगाडा पहिल्या दिवशी, वहाली दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी जाळं. भाचा वेरावळहून ट्रॉलच्या जाळ्याचे दोन तुकडे आणणार आहे, एक नेहमीच्या आसाचा, एक चौकोनी आसाचा. पाण्याच्या टबात वाटाणे आणि राजमा टाकून मुलं स्वतः ओढून बघतील, काय अडकतं आणि काय निसटतं.

मूळ द्वारकेच्या सखी मंडळाला सुक्या बोंबलाची मागणी कळवली आहे. आमच्यातल्या एका बँकवाल्यांनी ड्रायरसाठी कर्जाची आणि अनुदानाची कागदपत्रं गुजरातीत भरून द्यायचं कबूल केलंय. डहाणूच्या त्या खलाशाचा फोन नंबर वन्संनी घेऊन ठेवला होता. भरपाईत खलाशाचा वाटा असावा, असा अर्ज वनविभागाला लिहायचा आहे. मसुदा तयार झाला की आधी त्याला वाचून दाखवणार आणि त्याने हो म्हटलं तरच पाठवणार.